कॅन्सरचा ताण आणि हातातला फोन: सुरुवात कुठून करायची

रिपोर्ट आला त्या रात्री मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं आणि आजाराचं नाव फोनमध्ये टाकलं. पहाटे तीनला बॅटरी संपली तेव्हाच थांबले. माझी गाठ कुठल्या जातीची, स्टेज कुठली, हे तेव्हा डॉक्टरांनाही पक्कं माहीत नव्हतं. मी मात्र तोवर जगभरातल्या वाईटात वाईट केसेस वाचून बसले होते.

पुढच्या आठवड्यात भाची आली. तिने प्रेमाने सहा ॲप टाकून दिली: दोन ध्यानाची, एक झोपेचं, एक मूड लिहून ठेवायचं, एक गप्पा मारणारं आणि एक नुसत्या पावसाच्या आवाजाचं. पहिल्या केमोनंतर त्यातलं एकही मी उघडलं नाही. ती ॲप मात्र रोज सकाळी इमानेइतबारे आठवण करून द्यायची की आज तुमचं श्वास घ्यायचं राहिलंय.

मला खरा आधार मिळाला तो दोन महिन्यांनी, चाळीसेक मिनिटांच्या एका साध्या फोनवर. म्हणून हे मार्गदर्शन मी उलट्या क्रमाने लिहिते आहे. बहुतेक जण आधी ॲप टाकतात, आठ दिवसांत कंटाळतात, आणि अगदीच असह्य झालं की माणसाशी बोलतात. तुम्ही आधी माणूस गाठा. ॲप मागाहून बघू.

मी डॉक्टर नाही. कराडची एक पेशंट आहे. आठ केमो, एक ऑपरेशन आणि पंधरा शेक (रेडिएशनला आमच्या वॉर्डात सगळे शेकच म्हणायचे) एवढाच माझा अनुभव. त्यात जे उपयोगी पडलं आणि नंतर जाणकारांकडून जे तपासून घेतलं, तेवढंच इथे आहे.

पायरी १: फाइलवर एक आकडा लिहा

"मन कसं आहे?" असं कुणी विचारलं की आपण "बरं आहे" म्हणून मोकळे होतो. तेच "शून्य ते दहामध्ये किती त्रास होतोय?" असं विचारलं तर आकडा पटकन तोंडातून निघून जातो. न्यूयॉर्कमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नेमकी हीच युक्ती कॅन्सरच्या पेशंटसाठी वापरली. एक थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे याहून जास्त सोसवणार नाही. आजचा दिवस धरून गेल्या आठवडाभरात आपण कुठे होतो, तिथे खूण करायची. चार किंवा त्याच्या वर खूण गेली तर रुग्णालयातल्या माणसांना ते कळायला हवं.

याला ॲप लागत नाही. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर तारीख आणि आकडा लिहा, दर रविवारी एकदा. शेजारी दोन शब्दांत कारण: "पैसे", "झोप नाही", "शुक्रवारचा स्कॅन", "जाऊबाई". हसू नका, माझ्या फाइलवर जाऊबाई तीनदा आहेत.

एक गोष्ट मात्र नीट बघा. प्रत्येक अस्वस्थता मनाचीच असते असं नाही. केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बऱ्याचदा देतात. त्याने दोन-तीन रात्री डोळा लागत नाही आणि माणूस उगाच चिडतो. हिमोग्लोबिन उतरलं, थायरॉइड बिघडला, दुखणं नीट आटोक्यात नसलं, तरी मन खचल्यासारखंच वाटतं. म्हणून आकडा वाढला की पहिल्यांदा आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. केमोनंतरच्या त्या रात्री मी स्वतःला "कमकुवत मनाची" म्हणत होते, आणि दोष एका गोळीचा होता.

पायरी २: फोनमधून येणारा त्रास बंद करा

नवीन काही टाकायच्या आधी जे आहे ते आवरा.

व्हॉट्सॲपवरचे नातेवाइकांचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये ढकला. बाहेर पडू नका, बाहेर पडलात की त्यावर वेगळी चर्चा होते. त्या ग्रुपवर येणारे उपाय वाचण्यात काही अर्थ नाही. गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, असा एक संदेश टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या तेव्हाच्या संचालकांच्या नावावर देशभर फिरला होता. शेवटी रुग्णालयाला खुलासा करावा लागला की असं आम्ही म्हटलेलंच नाही. इतक्या मोठ्या नावावर खोटं खपतं, तिथे सांगलीच्या मामांनी पाठवलेल्या काढ्याचं काय घेऊन बसलात.

चौकशीचे फोन हा दुसरा ताप. प्रत्येकाला तीच कहाणी सांगताना माणूस रोज नव्याने आजारी पडतो. यावर आम्ही एक माणूस नेमला, माझ्या धाकट्या दिराला. मी सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: "तुम्ही काळजी करता हे मला माहीत आहे. सध्या बोलायची ताकद नाही. तब्येतीची खबर भाऊजींकडून घ्या. मला बरं वाटलं की मीच फोन करीन." चार जण रुसले. बाकीच्यांना हायसं वाटलं असावं, कारण काय बोलायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं.

आणि रात्रीचं शोधणं. याला मी एक नियम लावला: आजाराबद्दल काही शोधायचं ते दिवसाउजेडी आणि शेजारी कुणी बसलेलं असताना. रात्री प्रश्न आला तर तो वहीत लिहायचा, पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना विचारायचा. वहीत लिहिलेल्या प्रश्नांपैकी निम्मे सकाळी मलाच निरर्थक वाटायचे. उरलेले निम्मे मात्र फार कामाचे निघाले.

पायरी ३: पहिला फोन

१४४१६. हा नंबर आत्ताच सेव्ह करा, मग पुढे वाचा.

ही टेलि-मानस सेवा आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केलेली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, आणि वीस भाषांमध्ये मराठीही आहे. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. आधी भाषा निवडायला सांगतात, मग प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतात. त्यांना वाटलं की पुढच्या तज्ज्ञाची गरज आहे, तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी सेवेकडे पाठवतात.

अडचण अशी की फोन लागल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. "हॅलो" म्हटल्यावर मी सरळ रडायलाच लागले होते. म्हणून चार ओळी आधी कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही:

"मला कॅन्सर झालाय, उपचार चालू आहेत. गेले तीन आठवडे झोप लागत नाही. सारखी भीती वाटते. माझा आकडा आठ आहे. मला फक्त बोलायचंय" किंवा "पुढे कुणाला दाखवायचं ते सांगा."

पहिल्या वेळी बोलणं जुळलं नाही तर सेवा वाईट ठरवू नका, दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस फोनवर येतं. माझं दुसऱ्या वेळी जुळलं. त्या बाईंनी मला काहीच उपाय सांगितला नाही. "सगळ्यात जास्त भीती कुठल्या वेळी वाटते?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दुपारी चारला. का, ते सांगता सांगता चाळीस मिनिटं गेली. दुपारी चार ही माझ्या आईची जायची वेळ होती, हे मी त्याआधी कुणाशीच बोलले नव्हते.

आणखी दोन ठिकाणं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर मानसिक आधार देते. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीची हेल्पलाइनही आहे, १८००-२२-१९५१. कॅन्सरचे उपचार, मदत, खर्च अशा प्रश्नांसाठी ती जास्त बरी. परदेशात असाल तर अमेरिकेत अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि ब्रिटनमध्ये मॅकमिलन यांच्या फोनसेवा आहेत. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर तिथे दुभाषा मागता येतो.

पायरी ४: ठरावीक माणूस, ठरावीक वेळ

हेल्पलाइन म्हणजे रस्त्यात भेटलेला भला माणूस. आकडा महिनाभर पाच-सहाच्या खाली येत नसेल तर नेमाने बोलायला एकच माणूस हवा. आता हे घरबसल्या जमतं. केमोच्या दिवसांत, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना, एसटीने धक्के खात तासाभरासाठी कुठे जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पहिली चौकशी आपल्याच रुग्णालयात करा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत सायको-ऑन्कॉलॉजी नावाचा, कॅन्सरच्या पेशंटच्या मनाचं बघणारा विभाग असतो, परळच्या टाटामध्येही आहे. नसेल तर मेडिकल सोशल वर्करना विचारा. सरकारी रुग्णालयात त्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात, आणि ज्या खोलीबाहेर योजनांच्या फॉर्मसाठी सगळ्यात मोठी रांग असते, ती त्यांची. त्यांना विचारायचं एकच: "फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणारं, कॅन्सरची माहिती असलेलं कुणी आहे का? मराठीत?"

बाहेर शोधत असाल तर कोण कोण असतं ते समजून घ्या, इथे फसगत फार होते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ते थेरपी देतात. समुपदेशक किंवा काउन्सेलर हा शब्द मात्र आजही कुणीही पाटीवर लावताना दिसतं. काही फार उत्तम असतात, मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए. करून वर्षानुवर्षं काम केलेले. काही चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन बसलेले. शिक्षण विचारायला संकोच करू नका. भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटी करून बघतो, मग इथे का गप्प बसायचं?

पहिल्या फोनवर मी हे विचारलं होतं: शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय, कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम केलंय का, मराठीत बोलाल का, एका बैठकीचे किती, ऐनवेळी केमो पुढे-मागे झाली तर पैसे जातील का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. पेशी उतरल्या की केमो पुढे ढकलतात आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. ज्यांना हे समजतं, त्यांनी कॅन्सरचं काम केलेलं असतं.

"बरे व्हाल, सकारात्मक विचार करा" असं पहिल्या दहा मिनिटांत जो म्हणेल, त्याला मी तरी दुसरी बैठक देणार नाही. औषधं बंद करून दुसरं काही घ्या असं म्हणेल, त्याचा फोन तिथेच ठेवा.

फोनवरून डॉक्टरी सल्ला देण्याला आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून रीतसर नियम आहेत. डॉक्टरने स्वतःची ओळख आणि नोंदणी क्रमांक द्यायचा असतो, पेशंटची ओळख विचारायची असते, आणि काही औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. त्यामुळे एखादी गोळी फोनवर देत नाहीत म्हणून रागावू नका. घराचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर आधीच मागून घेतला तर बिचकू नका. बोलता बोलता तुम्हाला काही झालं, तर मदत कुठे पाठवायची ते त्यांना माहीत हवं.

मानसोपचारतज्ज्ञाला चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, फाइलचा फोटो पाठवा. हे शिष्टाचारासाठी नाही. ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्या त्या औषधाच्या आड येतात. टॅमॉक्सिफेन शरीरात जाऊन ज्या रूपात काम करतं, ते रूप तयार होणंच कमी होतं. पर्यायी गोळ्या आहेत, पण सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळणार कसं?

आता बसायचं कुठे. दोन खोल्यांच्या घरात हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो कुणी लिहीत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरलेल्या पेशंटला तर स्वतःची म्हणावी अशी भिंतही नसते. मी जिना, गच्ची आणि एकदा रिक्षासुद्धा वापरली आहे. रिक्षा उभी होती, चालक चहाला गेला होता. कानात वायरचे इअरफोन घाला, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही. दाराबाहेर रेडिओ किंवा पंखा चालू ठेवा. आणि एक खुणेचा शब्द ठरवा: मी मध्येच "हो, भाजी आणली" म्हटलं की माझ्या समुपदेशक मॅडम समजायच्या, सासूबाई खोलीत आल्या आहेत. त्या लगेच विषय बदलायच्या. व्हिडिओ अडखळायला लागला तर कॅमेरा बंद करा, आवाजावर काम भागतं. केस गेल्यावर मी महिनाभर कॅमेरा लावलाच नाही. कुणी विचारलंही नाही.

पहिल्या बैठकीत काही हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. उलट त्या रात्री जास्त रडू येतं. चार बैठका झाल्या की ठरवा, पुढे जायचं की माणूस बदलायचं.

मधेच एक अवघड गोष्ट: "पेशंटला सांगितलेलं नाही"

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आईला "गाठ आहे, साधी आहे" एवढंच सांगून केमो दिली जाते. अशा घरातला मुलगा आईच्या फोनमध्ये ॲप टाकतो आणि स्क्रीनवर कॅन्सर शब्द झळकतो. किंवा समुपदेशक सरळ आजाराचं नाव घेतात. म्हणून असं असेल तर आधी तुम्ही एकट्याने फोन करा आणि स्पष्ट सांगा: "आईला किती माहीत आहे ते आम्हालाच माहीत नाही, कसं बोलायचं?" या कामासाठी ही माणसं शिकलेली असतात. माझ्या शेजारच्या बेडवरच्या आजींना घरच्यांनी वर्षभर काही सांगितलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. "पोरं घाबरतील म्हणून मी बोलत नाही," असं त्या मला म्हणाल्या.

पायरी ५: आता ॲप, आणि तेही एकच

ध्यान-श्वासाच्या सरावाला आधार आहे, ही काही नुसती फॅशन नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची संघटना आस्को हिने २०२३ साली चिंता आणि नैराश्य कमी करण्यासाठी माइंडफुलनेसवर (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्यावर) आधारित सरावांची शिफारस केली, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही. पण त्यामागचे बरेचसे प्रयोग म्हणजे काही आठवड्यांचे, शिक्षकासह चालणारे वर्ग. ॲप म्हणजे त्याच डाळीचं पातळ वरण. पोटाला चालतं, पण जेवण म्हणून पुरत नाही.

कुठलं घ्यायचं? फुकट आणि बिनजाहिरातीचं हवं असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने बनवलेली 'माइंडफुलनेस कोच' आणि झोपेसाठी 'इन्सोम्निया कोच' ही दोन बघा. सैनिक नसलात तरी चालतात, खातं उघडावं लागत नाही. इंग्रजी मात्र यायला हवं. सतत गळून गेल्यासारखं होत असेल तर 'अनटायर' हे कॅन्सरच्या थकव्यासाठीच बनवलेलं डच मंडळींचं ॲप आहे. 'इनसाइट टायमर'वर हजारो ध्वनिफिती फुकट ऐकता येतात, निवडतानाच थकायला होतं ही तक्रार. बंगळूरमध्ये तयार झालेलं 'वायसा' हे गप्पा मारणारं ॲप आहे. रात्री दोनला विचार उतरवून काढायला ते ठीक, पण समोर माणूस नाही हे लक्षात ठेवा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची जी बोलघेवडी ॲप निघाली आहेत, त्यांना रिपोर्ट वाचायला देऊन स्टेज विचारू नका. त्यांचा आवाज खात्रीचा असतो, माहिती खात्रीची असेलच असं नाही.

टाकताना चार गोष्टी तपासा. फुकटचे सात दिवस म्हणून कार्ड किंवा यूपीआयचं ऑटोपे मागत असेल, तर प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन त्याच दिवशी बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत. श्वासाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवं? नकार द्या. आजाराचं नाव, रुग्णालयाचा फाइल नंबर कुठेही टाकू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर २०२३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. लोकांनी भरलेली मनाच्या आरोग्याची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा आरोप होता, आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. चौथी गोष्ट, सूचना बंद करा. त्या श्वासाच्या हजेरीने मला जेवढा ताण दिला तेवढा कुणी दिला नसेल.

दोन आठवडे वापरा. रविवारचा आकडा हलला नाही आणि उघडावंसंही वाटत नाही, तर काढून टाका. तुमचं काही चुकलं नाही.

पायरी ६: स्वतःचं मराठी "ॲप" बनवा

मला सगळ्यात जास्त पुरलं ते हे. इंग्रजीतला तो मधाळ आवाज ऐकून मला झोपेऐवजी विमानतळ आठवायचा. शेवटी पुण्याच्या माझ्या लेकीने फोनच्या रेकॉर्डरवर सहा मिनिटं बोलून पाठवलं. मध्ये कुकरची शिट्टी आहे. ती तशीच ठेवली.

घरातल्या कुणालाही हे हळू वाचायला सांगा, प्रत्येक वाक्यानंतर दोन श्वास थांबून:

"आई, बस किंवा पड, जसं बरं वाटेल तसं. डोळे मिटायचे नसतील तर समोरच्या भिंतीकडे बघ. पाय कशाला टेकलेत ते बघ. पाठ कशाला टेकली आहे ते बघ. आता एक हात पोटावर ठेव. श्वास नाकाने आत येऊ दे, मनात चार मोज. सोडताना सहा मोज, गरम चहावर फुंकर घालतेस तशी. परत. विचार आला तर येऊ दे, तो दारातून आला, दारातून जाईल. कपाळ सैल सोड. दात घट्ट धरलेस का? सोड. खांदे खाली येऊ देत. बाहेरचे तीन आवाज ऐक. अंगाला लागणाऱ्या तीन गोष्टी ओळख: चादर, वारा, बांगडी. परत एकदा चहावर फुंकर. आज एवढंच."

काही खबरदाऱ्या. छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर खोल श्वासाचं डॉक्टरांना विचारून घ्या. स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम अनेक ॲपमध्ये असतो, पण ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज असेल तर तो हात वगळा. डोळे मिटले की जास्त घाबरायला होत असेल तर उघडे ठेवून करा.

आणि सराव घरी, बऱ्या दिवशी सुरू करा. केमोच्या खुर्चीत पहिल्यांदा करू नका. केमोचं शरीर गोष्टी एकमेकींना जोडून टाकतं: त्या वेळचा वास, चव, कधी कधी आवाजही. मग पुढे नुसत्या वासानेही मळमळतं. मी दुसऱ्या केमोला माझा लाडका अभंग लावून बसले होते. तो मला अजून ऐकवत नाही. खुर्चीत ऐकायचंच असेल तर क्रिकेटचं समालोचन ऐका.

पायरी ७: स्कॅनचा आठवडा

उपचार संपल्यावर ताण संपतो असं सगळ्यांना वाटतं. माझे सगळ्यात मोठे आकडे फॉलोअपच्या आधीच्या आठवड्यांतले आहेत. त्या आठवड्यासाठी मी आधीच तयारी करते. समुपदेशनाची बैठक स्कॅन आणि रिपोर्ट यांच्या मधल्या दिवशी ठेवते, कारण तोच दिवस सगळ्यात वाईट. रिपोर्ट फोनवर पीडीएफ म्हणून डॉक्टरांच्या आधी आपल्याकडे येतो. तो मी उघडत नाही, नवऱ्याच्या फोनवर मागवते. आणि रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा ही काळजीची वेळ. अलार्म लावायचा, वही घ्यायची, काय काय वाईट होऊ शकतं ते सगळं लिहायचं, अलार्म वाजला की वही बंद. इतर वेळी काळजी आली तर तिला सांगायचं, सहाला ये. पहिले चार दिवस हे थोतांड वाटतं.

फोन खाली ठेवून दवाखान्यात कधी जायचं

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर तो ताणाचा ताप नाही. रात्री कितीही वाजले असले तरी रुग्णालयात जा. दम लागणं, छातीत दुखणं, पायाच्या पोटरीला एकाएकी सूज, हेही श्वासाच्या व्यायामाने बघायचं नाही. घाबरल्यामुळे होतंय की नाही ते डॉक्टर ठरवतील.

जगण्यात अर्थ नाही असं सारखं वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, गोळ्या साठवाव्याशा वाटत असतील, तर ते त्याच दिवशी बोला. १४४१६ आहे. कुणी स्वतःला इजा करायच्या बेतात असेल तर ११२ लावा, माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातल्या मॉर्फिनसारख्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

सोबत्याचाही आकडा

हे मी फार उशिरा केलं. पाचव्या केमोनंतरच्या एका रविवारी फाइलवर माझा आकडा लिहिला, तीन. आमचे हे शेजारी बसून औषधांचा डबा भरत होते: सकाळ, दुपार, रात्र. सहज म्हटलं, "अहो, तुमचा किती?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "सात. कधी आठ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझा फोन घेऊन गच्चीवर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत. मी कुकर लावला आणि वरच्या दारापाशी कुणी जाऊ नये म्हणून जिन्यात खुर्ची टाकून बसले.